धुतलेले सहा पाइप

चष्मेवाले रविवारचं अर्ध्या दिवसाचं दुकान बंद करून साडेअकराला घरी आले, तेव्हा गॅलरीतल्या दोरीवर, एक टॉवेल आणि दोन मोजे यांच्यामध्ये, त्यांचे सहा पाइप कपड्यांच्या चिमट्यांना लटकत होते. एकातून अजून पाणी ठिबकत होतं.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत लावला. डोळ्यांना दिसलेलं मनाला पटलं नाही की आधी काचेवर संशय घ्यायचा, ही सव्वीस वर्षांच्या धंद्याची सवय. पण काच स्वच्छ होती. पाइपही स्वच्छ होते. इतके स्वच्छ ते विकत घेतले त्या दिवशीही नव्हते.

"आई," त्यांनी हाक मारली.

सासूबाई आतून आल्या. त्यांच्या डाव्या डोळ्यावर भोकाभोकांचं प्लॅस्टिकचं झाकण चिकटपट्टीने बसवलेलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. वाचायचं नाही, वाकायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही अशा सूचना होत्या, आणि डोळा बरा होईपर्यंत मुक्काम लेकीकडे होता. इस्पितळात बत्तीस वर्षं काढून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. आठ दिवस नुसतं बसून राहणं हा त्यांना झालेला सगळ्यात अवघड आजार होता.

"दिसले ना?" त्या समाधानाने म्हणाल्या. "गॅसला हात लावलेला नाही हं. विजेच्या किटलीत पाणी उकळलं. लाकडी वाट्या साबण-सोडा घालून उकळत्या पाण्यात वीस मिनिटं. काळ्या दांड्या रबरी वाटल्या, म्हणून त्या वेगळ्या काढून कोमट पाण्यात. काय अवस्था होती हो एकेकाची, जावईबापू! आत बोटबोट काजळी. माझ्या वॉर्डात असं भांडं सापडलं असतं ना, तर मी सिस्टरची रजा बंद केली असती."

"आई, ती काजळी... ती मुद्दाम असते."

"मुद्दाम?"

"हळूहळू बसवावी लागते. आतून थर धरला की लाकूड जळत नाही, चव येते. दीड-दोन वर्षं लागतात त्याला."

"घासायला मात्र पाच मिनिटं लागली," सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाले दोरीखालच्या खुर्चीवर बसले. संध्याकाळी पाच वाजता दंतवैद्य आणि वकील हे पाइप बघायला येणार होते.

पाच वर्षांपूर्वी पाइप कशाशी खातात हेही त्यांना माहीत नव्हतं. एक गिऱ्हाईक वाचायचा चष्मा करायला आलं, नंबर तपासून घेतला आणि काउंटरवर पाइप विसरून जे गेलं ते परत फिरकलंच नाही. वर्षभर तो पाइप न नेलेल्या चष्म्यांच्या खणात पडून होता. मग एका रिकाम्या दुपारी चष्मेवाल्यांनी तो सहज तोंडात धरला आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या आरशात पाहिलं. कोणाच्या चेहऱ्याला काय शोभतं हे सांगण्यात त्यांची हयात गेली होती. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, लांबट चेहऱ्याला रुंद. आपल्या चेहऱ्याला मात्र काहीच शोभत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तो पाइप शोभत होता.

त्यामागे आणखीही एक बारीक दुखणं होतं. दुकान वडिलांनी थाटून दिलेलं. घरातला सोफा, पडदे, भिंतींचा रंग, इतकंच काय त्यांचे शर्टसुद्धा बायको निवडायची, आणि चांगले निवडायची, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती. 'तुम्हाला काय आवडतं?' असं कोणी विचारलं की चष्मेवाले 'काहीही चालेल' म्हणायचे, आणि त्यांना खरोखरच काहीही चालायचं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला स्वतःची म्हणून एकही आवड नसावी, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा खुपलं.

पाइपाच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं, की एकच पाइप रोज ओढायचा नसतो, त्याला विश्रांती द्यावी लागते. म्हणून दुसरा आला, वाकड्या दांडीचा. तो वाचताना पुस्तकाला आडवा यायचा, म्हणून तिसरा आखूड. चौथा मक्याच्या कणसाचा, गंमत म्हणून. पाचवा एका चुकीच्या उत्साहात घेतलेला, फार मोठा, नळाखाली ठेवायचा मगच जणू. आणि सहावा तांबूस लाकडाचा, वाटीभोवती ज्वाळांसारख्या रेषा असलेला. हा त्यांनी दुकानाच्या तीन खेपा घालून, कोणालाही न विचारता, स्वतः निवडला होता. चौथ्यांदा दुकानदारानेच तो बांधून तयार ठेवला.

तंबाखूचंही तसंच. सुरुवातीला त्यांना चेरीच्या वासाची आवडायची. सहा महिन्यांनी ती पोरकट वाटायला लागली. मग त्यांनी काळी, धुरकट आणली आणि पहिल्या दिवशी अर्धा तास पलंगाच्या कडेवर डोकं धरून बसले. मग सोनेरी, साधी. आता तीन बरण्यांत तीन तंबाखू होत्या, ओलावा टिकावा म्हणून काळीच्या बरणीत सफरचंदाची एक फोड होती, आणि दोन भाग सोनेरी, एक भाग काळी, चिमूटभर चेरीची असं त्यांचं स्वतःचं मिश्रण ठरलं होतं. चेरीची त्यात केवळ जुन्या ओळखीखातर. प्रत्येक प्रयोगाची नोंद एका वहीत होती. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या हाती ती वही एकदा लागली होती.

"'पावसात भिजलेली पुस्तकांची पेटी, तळाशी कुठेतरी मध'," तिने मोठ्याने वाचलं. "म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"पुस्तकं भिजली तरी?"

ही वही समजून घेणारी माणसं जगात दोनच होती. चष्म्याच्या दुकानावर ज्यांचा दवाखाना होता ते दंतवैद्य, आणि समोरच्या इमारतीतले वकील. दंतवैद्यांच्या वरच्या खिशातून कायम पाइप डोकावायचा. वकिलांच्या हातात कायम पाइप फिरत असायचा. दोघे संध्याकाळी दुकानात टेकायचे आणि विचारायचे, "नवीन काय?" दुकानात गिऱ्हाईक असायचं, काचा असायच्या, त्यामुळे ओढायचा प्रश्न कधी आला नाही. पण चष्मेवाले छोट्या डबीतून मिश्रणाचा नमुना पुढे करायचे, दोघे डोळे मिटून वास घ्यायचे आणि अभिप्राय द्यायचे. 'नंबर किती?' याखेरीज चष्मेवाल्यांना कोणी आयुष्यात काही विचारलं नव्हतं. इथे दोन शिकलेली माणसं त्यांचं मत विचारत होती.

मागे दंतवैद्य म्हणाले होते, "छान आहे, पण मिश्रणात अजून धीर नाही." त्या धीरासाठी चष्मेवाल्यांनी तीन महिने खर्च केले. अखेर परवा त्यांनीच आमंत्रण दिलं, रविवारी पाच वाजता घरी या, पाइप बघा आणि निवांत ओढून सांगा.

आणि आता मक्याच्या कणसाचा पाइप पाणी पिऊन पावासारखा फुगला होता.

"बरण्या तरी ठीक आहेत ना?" त्यांनी उठत विचारलं.

"त्याही घासल्या," सासूबाई म्हणाल्या. "तीन बरण्यांत थोडी थोडी एकच वस्तू. सगळी एका बरणीत मावली. आणि एकीत सफरचंदाची फोड सडत पडली होती, ती फेकून दिली. कोणी टाकली असेल बाई!"

चष्मेवाल्यांनी बरणी उघडून पाहिली. चौदा महिन्यांचं संशोधन हलवून एकजीव झालं होतं. त्यांना रडावं की ओरडावं कळेना, आणि सासूबाईंसमोर दोन्ही शक्य नव्हतं. त्या एका डोळ्याने शाबासकीची वाट बघत होत्या.

"फार मेहनत घेतलीत," ते म्हणाले आणि आत गेले.

बायको वह्या तपासत बसली होती. सगळं ऐकून तिने लाल पेन खाली ठेवलं.

"फोन करा आणि पुढच्या रविवारी या म्हणून सांगा."

"कारण काय सांगू? सासूबाईंनी पाइप धुतले?"

"खरं तेच आहे."

"खरं सांगितलं तर जन्मभर हसतील. वकील तर सगळ्या कोर्टात करतील."

"मग काहीतरी साधं सांगा. पण साधंच सांगा हं. तुम्हाला रंगवून सांगायची सवय नाही."

चष्मेवाल्यांनी दंतवैद्यांना फोन लावला. "डॉक्टर, आजचं जरा... म्हणजे घरी जरा... सासूबाईंचा डोळा..."

"काय झालं डोळ्याला?"

"लाल," चष्मेवाले म्हणाले. एका शब्दाने भागेल असं त्यांना वाटलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही, म्हणून त्यांनी भर घातली, "आणि कळा येताहेत. झोपूनच आहेत."

"ऑपरेशनचा ना? अहो, मग हे अंगावर काढायचं नसतं! मी येतो."

"नको, नको, तुम्ही दातांचे..."

"दातांचा झालो म्हणून काय झालं, डॉक्टर आहे. लाली कसली आहे ते तरी कळेल. पाचला कशाला, चारलाच येतो. वकिलांनाही आणतो, त्यांच्याकडे गाडी आहे. इस्पितळात न्यायची वेळ आली तर हाताशी असावी."

फोन ठेवला तेव्हा पाच वाजताचे पाहुणे चारला येणार होते आणि घरात एक रुग्ण तयार करायचा होता.

सासूबाईंना हे सांगायचं काम बायकोकडे आलं. आतल्या खोलीतून बराच वेळ दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं. मग सासूबाईंचा आवाज चढला, "बत्तीस वर्षं मी लोकांची नाटकं पकडली, आता मी नाटक करू?" आणि थोड्या वेळाने, "कळा कुठल्या सांगितल्यात? टोचल्यासारख्या की ठणकल्यासारख्या? ते तरी नीट ठरवायचं होतं."

तोवर चष्मेवाले दोरीवरचे पाइप उतरवून पाहत होते. सासूबाईंनी दांड्या परत बसवल्या होत्या, पण एका डोळ्याने. आखूड पाइपाला लांब दांडी लागली होती, लांबट्याला आखूड. तांबूस पाइपाला मक्याच्या पाइपाची बारीक दांडी होती आणि ती त्यात सैल डुगडुगत होती. त्यांनी ओढून काढायचा प्रयत्न केला, तर बाकीच्या ठिकाणी लाकूड फुगून दांड्या घट्ट बसलेल्या.

"वाळल्याशिवाय निघणार नाहीत," बायको म्हणाली. "उन्हात ठेवा."

"ऊन कुठे आहे? तीन तासांत वाळायला हवेत." त्यांची नजर केक भाजायच्या विजेच्या भट्टीवर गेली. "मंद ठेवली तर?"

"लाकडाला चालेल. दांड्यांचं काय?"

"दांड्यांना काय होतंय!"

हे वाक्य त्यांनी पुरुषासारखं उच्चारलं, आणि बायकोने वह्या पुढे ओढल्या. वीस मिनिटांनी चष्मेवाल्यांनी भट्टी उघडली. लाकूड बाहेरून वाळलं होतं, पण आतून फुगलेलंच होतं, दांड्या निघेनात. त्यात सहापैकी चार दांड्या मऊ पडून खाली वाकल्या होत्या. तीन गरम असेपर्यंत त्यांनी बोटं भाजून घेत कशाबशा सरळ केल्या. त्या वकिलांच्या सहीसारख्या दिसायला लागल्या. चौथी तशीच राहिली. तो पाइप काही चूक करून मान खाली घालून उभा आहे असा दिसत होता.

चारला पाच कमी असताना बेल वाजली.

दंतवैद्य पुढे, वकील मागे. दंतवैद्यांच्या हातात औषधांची पेटी होती, वकिलांच्या हातात गाडीची किल्ली. दोघांच्या चेहऱ्यावर गंभीर भाव होते, तरी दोघांच्याही खिशातून पाइपाची चामडी पिशवी डोकावत होती.

"कुठे आहेत?" दंतवैद्यांनी विचारलं.

सासूबाई आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडल्या होत्या. दंतवैद्यांनी बॅटरीने झाकणाच्या भोकांतून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "लाली काही दिसत नाही."

"आत्ताच गेली," चष्मेवाले म्हणाले.

"कळा?"

"आहेत," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "मधूनमधून. ठणकल्यासारख्या."

"कधीपासून?"

"तुम्हाला फोन केल्यापासून."

दंतवैद्यांना हे उत्तर जरा विचित्र वाटलं असावं, पण त्यांनी विश्रांती घ्या असं सांगितलं आणि सगळे बाहेरच्या खोलीत आले. दार थोडं उघडं राहिलं.

चष्मेवाल्यांनी सहाही पाइप दुकानातून आणलेल्या मखमली तबकात मांडले होते. तबक चष्म्याच्या फ्रेमा दाखवायचं. त्यात काहीही ठेवलं तरी भारी दिसतं. दोघे पुढे वाकले. दंतवैद्यांनी मान खाली घातलेला पाइप उचलला.

"हा घाट मी पहिल्यांदाच बघतोय."

"फार कमी मिळतो," चष्मेवाले म्हणाले.

"वळण फार मृदू आहे."

"लाजल्यासारखं दिसतंय," वकील म्हणाले. "आणि हा? आखूड वाटी, एवढी लांब दांडी? हे कुठल्या हेतूने केलं असावं?"

"धूर थंड होत येतो."

"आणि याची उलट बाजू, मोठी वाटी, आखूड दांडी?"

"धूर... गरम लागतो. काहींना आवडतो."

"तुम्हाला कुठला आवडतो?"

वकिलांनी हे सहज विचारलं. पण चष्मेवाल्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली. या एका प्रश्नासाठी त्यांनी पाच वर्षं तयारी केली होती. त्यांनी तांबूस पाइपाकडे बोट दाखवलं. "हा. हा मी स्वतः निवडला."

"मग त्यातच भरा," दंतवैद्य म्हणाले. "आम्ही आमच्यात भरतो. येऊ द्या ते मिश्रण."

बरणी आली. दोघांनी नाक आत घातलं, डोळे मिटले.

"आला," दंतवैद्य हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"धीर."

चष्मेवाल्यांनी वाद घातला नाही. तिघांनी पाइप भरले. भरताना फार वेळ लागला. दंतवैद्य एकेक चिमूट घेऊन दाबत होते, काढत होते, परत दाबत होते. वकिलांनी भरलेला पाइप पूर्ण रिकामा करून नव्याने भरायला घेतला. काडेपेटी मधे ठेवलेली होती.

"घ्या डॉक्टर," चष्मेवाले म्हणाले. साबणाच्या पाण्यात उकळलेला पाइप पेटवायची वेळ आपल्यावर शेवटी यावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

"छे, छे. यजमानांनी आधी."

"वकीलसाहेब, तुम्ही."

"मी ज्येष्ठांच्या आधी कसा? डॉक्टर."

दंतवैद्यांनी काडी ओढली, ती हातात धरून पाइपाच्या इतिहासावर बोलायला लागले आणि ती बोटापर्यंत जळत आली तेव्हा फुंकली. दुसरी ओढली. त्या वेळी त्यांना लाकडाच्या जातींबद्दल काही आठवलं. तिसरी वकिलांनी ओढली, पण पंख्याच्या वाऱ्याने विझली. पंखा बंद केला, तर वकिलांना उकडायला लागलं. बायको येऊन चहा ठेवून गेली आणि जाताना टेबलावरच्या सात जळक्या काड्या मोजल्यासारखं तिने पाहिलं. पाइप एकही पेटला नव्हता. चष्मेवाल्यांच्या मनात आलं, माणसं किती सभ्य आहेत. आपल्या अडचणीची त्यांना कल्पना नसतानाही आपल्याला सांभाळून घेताहेत.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार सताड उघडलं.

"अर्धा तास झाला," सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "मी तिथे पडून वाट बघतेय, आता वास येईल, मग येईल. तुम्ही ओढत का नाही?"

"मावशी, तुम्ही उठू नका," दंतवैद्य म्हणाले.

"मला काही झालेलं नाही. ते जावईबापूंनी सांगितलं होतं, कारण मी त्यांची ही सगळी नळकांडी सकाळी धुऊन काढली. त्यांना लाज वाटली. मी काही लाजत नाही. आणा इकडे तुमचं."

त्यांनी दंतवैद्यांच्या हातातला पाइप काढून घेतला, त्यातली तंबाखू तबकात ओतली आणि वाटी नाकाशी धरली. मग वकिलांचा घेतला. तोही हुंगला.

"वॉर्डात कोण संडासात लपून विडी ओढून येतो हे मी कॉरिडॉरच्या टोकावरून सांगायची," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, याच्यात कित्येक वर्षांत काही जळलेलं नाही. आणि वकीलसाहेब, तुमच्यात तर कधीच नाही. याला दुकानाचाच वास येतोय."

दंतवैद्यांच्या हातातली आठवी काडी विझली.

"नऊ वर्षं झाली," ते शेवटी म्हणाले. "दिवसभर लोकांना सांगायचं, सोडा, हिरड्या खराब होतात. एक दिवस एका बाईंनी खुर्चीत बसून विचारलं, डॉक्टर, तुमच्या तोंडाला वास कसला येतो हो? त्या दिवशी बंद केला. पण पाइप सोडवेना. खिशात असला की बरं वाटतं."

सगळ्यांनी वकिलांकडे पाहिलं.

"मी एकदा ओढला होता," वकील म्हणाले. "कोर्टाच्या पायरीवर चक्कर येऊन बसलो, अशिलानेच पाणी आणून दिलं. पण त्याचा एक उपयोग आहे. कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की मी पाइप भरायला घेतो. भरून होईपर्यंत उत्तर सुचतं."

"पण तुम्ही दोघं दीड वर्ष माझ्या तंबाखूवर मतं देताय!" चष्मेवाले म्हणाले. "धीर नाही म्हणालात! मी तीन महिने घालवले त्या धीरावर."

"वासावरून म्हणालो," दंतवैद्य म्हणाले. "वास घ्यायला कोणाची बंदी आहे? खरं सांगू का, तुमच्याकडे दुकानात येऊन त्या डबीत नाक घालतो ना, दिवसभरात तेवढंच काय ते सुख."

चष्मेवाल्यांनी तबकात सांडलेली तंबाखू चिमटीने गोळा करून बरणीत टाकली. मग वकील खाकरले.

"म्हणजे वस्तुस्थिती अशी की, या खोलीत पाइप ओढणारे एकटे तुम्हीच आहात."

"हो," दंतवैद्य एकदम पुढे सरकून म्हणाले. "आणि भरलेला आहे. पेटवा की. आम्ही नुसते बसतो जवळ."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. चष्मेवाल्यांनी तांबूस पाइप तोंडात धरला, काडी लावली आणि झुरका घेतला. तंबाखू पेटली. दंतवैद्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. सासूबाईंनीही मान हलवली. निखारा जिवंत राहावा म्हणून चष्मेवाल्यांनी, ओढणारे करतात तशी, उलटी हलकी फुंकर मारली.

सैल दांडी जिथे लाकडाला टेकली होती तिथून एक बुडबुडा निघाला. तो हळूहळू लिंबाएवढा झाला. आत राखाडी धूर फिरत होता. मग तो सुटला, तबकावरून तरंगत वकिलांच्या चष्म्यापर्यंत गेला आणि फुटला. वकिलांच्या काचेवर धुराचा एक छोटासा ढग बसला.

"सोडा जास्त झाला," सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी दचकून श्वास आत घेतला आणि दांडीत साठलेलं सगळं पाणी तोंडात आलं. त्यांनी पाइप टाकला, खिडकीकडे धावले, थुंकले, जीभ बाहेर काढून आ वासून उभे राहिले. वकील हसत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसत होती. दंतवैद्य मात्र हसत नव्हते. ते उठून चष्मेवाल्यांच्या जवळ गेले होते आणि त्यांनी बॅटरी काढली होती.

"थांबा. तोंड मिटू नका."

"आँ?"

"जरा उजेडाकडे. खालची डावी बाजू. हं. हे किती दिवस आहे?" त्यांचा आवाज बदलला होता. "मागच्या दोन दाढा, आणि पुढचाही एक. हिरडी बघा कशी झालीये. दुखत नाही?"

"थोडं," चष्मेवाले म्हणाले. "मला वाटलं चव आहे."

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते वरच्या मजल्यावरच्या खुर्चीत आडवे पडलेले होते. डोळ्यांवर दिवा, गळ्यात हिरवं फडकं, तोंडात कापसाचे बोळे आणि गालाच्या आत थुंकी ओढणारी वाकडी नळी. दंतवैद्य काम फार नीट करत होते. त्यांनी सांगितलं की वर्षभर तरी धूर वर्ज्य, आणि काही दिवस फक्त मऊ खायचं. पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशातून पाइप डोकावत होता.

सिस्टर औषध आणायला शेजारच्या खोलीत गेली. दंतवैद्यांनी दार बंद झालंय ना पाहिलं, मुखपट्टी हनुवटीवर ओढली आणि खुर्चीवर वाकले.

"एक विचारू?" ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "पहिला झुरका सोडल्यावर, दुसरा घ्यायच्या आधी, जिभेच्या शेंड्याला जरासं गोड लागतं बघा. ते अजून लागतं?"

चष्मेवाल्यांच्या तोंडात आठ बोळे होते.

"आँ," ते म्हणाले.

दंतवैद्यांनी डोळे मिटले.

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि मुखपट्टी वर ओढून त्यांनी यंत्र सुरू केलं.